ढिगाऱ्याला संरक्षण

आम्ही केस जिंकलो. पण ते विसरा. जिंकलोच नाही असं धरून पुढे वाचा.

महापालिकेने आत्याचं शिवणाचं दुकान सकाळी पाडलं. दुपारी कोर्टाने सांगितलं, नोटीस न देता पाडायचा पालिकेला अधिकार नाही. जागा 'जैसे थे' ठेवा. आदेश घेऊन आम्ही पोचलो तेव्हा जागेवर विटांचा ढिगारा होता.

मशीन बाहेर काढायला आत्याने पहिली वीट उचलली, तसे पालिकेचे साहेब ओरडले, "बाई, वीट खाली ठेवा! कोर्टाचा अवमान होईल."

"अहो, माझं मशीन आहे खाली! लोकांचे दिवाळीचे ब्लाउज आहेत!"

"असू द्या. जैसे थे."

आमचे वकील म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. तसं आपलंही बरोबर आहे."

"मग चुकलं कोण?" आत्याने विचारलं. दोघेही ढिगाऱ्याकडे बघू लागले.

आता तिथे पोलीस बसवलाय, ढिगाऱ्याला कोणी हात लावू नये म्हणून.

काल आत्याने अर्ज सांगितला, मी लिहिला: "पालिकेने आमचे दुकान कृपया एकदा बांधून द्यावे, म्हणजे ते न पाडण्याचा कोर्टाचा आदेश पालिकेस पाळता येईल, ही नम्र विनंती."