धरलेली जागा

रस्त्यात स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची ठेवलेली होती. पिट्सबर्गात अशी खुर्ची दिसली की ती जागा कुणाची तरी आहे, तिथं गाडी लावायची नाही. बर्फ पडो, लग्न असो, पोलीस येवोत, दुसऱ्याची खुर्ची कुणी उचलत नाही. एमिल हुडाकनं ट्रक थांबवला.

"उचला, उचला!" वरच्या खिडकीतून घरमालकीण डिनार्डोबाई ओरडली. "तुमच्यासाठीच धरून ठेवलीय. खोलीबरोबर तेवढी जागा मिळते."

खोली तिसऱ्या मजल्यावर. चौऱ्याहत्तर वर्षांचा एमिल दर पाच पायऱ्यांना थांबत होता. मागून लेक रेनी. तीही थांबत होती, पण हात देत नव्हती.

"नातू शिकतो वाटतं इथं?" कुलूप काढता काढता डिनार्डोबाईनं विचारलं. "दोन्ही विद्यापीठं दहा मिनिटांवर. नाहीतर या वयात पोरांच्या गोंगाटात राहायला कोण येतं? शनिवारी सकाळी माझ्या गुलाबात बिअरचे डबे उगवलेले असतात."

"कुणी शिकत नाही आमचं," रेनी म्हणाली.

एमिल सरळ खिडकीकडे गेला. पुढच्या नव्हे, मागच्या. गल्लीपलीकडे मेडिकल कॉलेजची विटांची मागची भिंत, आणि तिच्यात एक लोखंडी दार. दाराला पाटी नव्हती.

"हेच ना ते कॉलेज?"

"हेच. पण ही खिडकी कशाला बघता? पुढून झाडं दिसतात. पोरं पुढचीच मागतात."

"मला ही हवी."

"पप्पा," रेनी म्हणाली, "मम्मी तिथंच आहे हे तुला सांगितलं कुणी? देहदान झालं की कुठल्या कॉलेजात नेलं ते सांगत नाहीत. तूच फोन केला होतास ना? मुद्दामच सांगत नाहीत ते. असली माणसं खिडकीला येऊन बसू नयेत म्हणून."

डिनार्डोबाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"इथंच असेल," एमिल म्हणाला. "तिला प्रवेश इथंच मिळाला होता."

रेनी हसली. ते हसणं काही बरं नव्हतं.

"हो, मिळाला होता. शहाऐंशी साली, नर्सिंगला. आपल्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला होता आणि इथं कॉलेजात तुला साफसफाईची नोकरी मिळत होती. मम्मीनं याच भागात खोलीसुद्धा बघून ठेवली होती. मी आठ वर्षांची होते, दाराला कान लावून ऐकत होते. काय म्हणालास तू तिला? सांग बाईंना."

एमिल खिडकीची कडी चाचपू लागला.

"मी सांगते. 'मी पोलाद ओतलंय. प्रोफेसरांचे संडास धुणार नाही.'"

एमिल काही वाईट नवरा नव्हता. पीत होता बेतानं, हात कधी उगारला नाही. फक्त एकदा नाही म्हणाला. ते एक नाही अडतीस वर्षं पुरलं. त्याच्या बायकोनं, डोलोरेसनं, त्या मेलेल्या गावात दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहून पाय सुजवून घेतले, आणि मरायच्या आधी कुणालाही न विचारता देहदानाच्या कागदावर सही ठोकली. या वेळी प्रवेशाला नवऱ्याची परवानगी लागत नव्हती.

"कॉलेजचं काम झालं की पुढच्या वर्षी राख घरी येईल तिची," रेनी म्हणाली. "घरीच बस ना वाट बघत. ती जिवंत असताना हलला नाहीस, आता कुणासाठी हलतोयस?"

एमिलनं तळहातानं खिडकीची काच पुसली. काच स्वच्छच होती.

डिनार्डोबाईनं पुन्हा क्रूसाची खूण केली. पण धंदा तो धंदा. "सप्टेंबर ते ऑगस्ट," ती हळूच म्हणाली. "वर्षाच्या आत सोडता येणार नाही. खाली दोन पोरी थांबल्यात बघायला. घेताय?"

"घेतो."

रेनीनं त्याच्या खिशातून ट्रकची किल्ली काढून घेतली आणि धाडधाड जिना उतरली. एमिल खाली पोचेपर्यंत तिनं ट्रक बाहेर काढून रस्त्याच्या पुढच्या टोकाला उभा केला होता. इंजिन चालू ठेवून ती समोर बघत बसली होती.

"खुर्ची परत ठेवा हो!" वरून डिनार्डोबाई ओरडली. "नाहीतर कुणीतरी घुसेल!"

एमिलनं खुर्ची होती तिथं ठेवली. तेवढ्यात एक छोटी गाडी येऊन थांबली, काच खाली झाली. आत एक बाई होती, पस्तिशीची, नर्सच्या निळ्या कपड्यांत. कपड्यांवरची घडी अजून मोडली नव्हती.

"आजोबा, ही खुर्ची तुमची का? आज पहिलाच दिवस आहे माझा. चार चकरा मारल्या, कुठं जागाच नाही हो."

एमिल तिच्या कपड्यांकडे बघत राहिला. मग त्यानं खुर्ची उचलली.

"अहो!" वरची खिडकी किंचाळली. "तुमची जागा आहे ती! खुळावलात की काय?"

बाईला गाडी मागे घेता येईना. एकदा चाक फुटपाथला घासलं, एकदा गाडी तिरकीच बसली. ती पुन्हा पुढं गेली. एमिल एका हातानं खुर्ची छातीशी धरून रस्त्यात उभा राहिला आणि दुसरा हात हलवू लागला.

"येऊ दे," तो म्हणत होता. "येऊ दे, येऊ दे. भरपूर जागा आहे."