दाराला हवं नवं वाक्य

आवाजाची नक्कल सोपी झाल्यापासून आवाज ओळखून उघडणारं घराचं दार आत-बाहेर जाताना प्रत्येक वेळी नवं वाक्य मागायचं. एकदा बोललेलं पुन्हा चालत नसे. अप्पांकडची वाक्यं संपत आली होती.

"म्हणा, आपल्या फ्रीजला सर्दी झालीय," त्यांची मुलगी मृदुला म्हणाली.

"बापाला वेड्यात काढतेस," असं म्हणत अप्पांनी ते वाक्य दाराला ऐकवलं आणि ते फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात असताना त्यांच्या छातीत कळ आली. ते आतून दाराशी "दार उघड, दार उघड" एवढंच म्हणत राहिले. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर मृदुला बाहेर पडायला निघाली. दुरुस्त केलेल्या दाराने नवं वाक्य मागितलं. ती म्हणाली,

"अप्पा, तुमचं तेच तेच बोलणं मला आवडायचं."