कुणी शिकवलं?

कोर्टाच्या आवारात, आंब्याच्या सावलीत बसून कुंथियाची आई कमळाच्या बिया सोलत होती. सोललेली बी ती फल्लाच्या तळहातावर ठेवायची.

"खा मॅडम. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"मावशी, तुम्ही पण खा."

"माझं काय! तुम्ही आलात, तिथंच पोट भरलं माझं. आता न्यायाधीशसाहेब जरा विचार करून बोलतील."

फल्ला एका जर्मन बूट कंपनीच्या नॉम पेन्हमधल्या कचेरीत होती. त्या कंपनीचे बूट शिवणाऱ्या कारखान्यात कुंथियाने युनियन काढली, संप झाला, आणि मालकाच्या तक्रारीवरून पोलिसांनी तिला उचललं. कामगारांना चिथावल्याचा आरोप होता.

वकील सारित जवळ येऊन हळूच म्हणाला, "एकच वाक्य बोला, ताई. युनियन काढणं आमच्या कंपनीच्या नियमांना धरून आहे, एवढंच. त्या मालकाचं सगळं तुमच्या ऑर्डरींवर चालतं. तुम्ही उभ्या राहिलात तर आजच्या आज तक्रार मागे घेईल तो."

फल्ला भिंतीपाशी गेली आणि तिने हॅम्बुर्गला फोन लावला. तिचा साहेब यॉर्ग नुकताच तिथल्या कचेरीत पोचला होता.

"तू तिथं हजर राहा," यॉर्ग म्हणाला. "आपण गेलो होतो, हे दिसलं पाहिजे. पण बोलू नकोस. प्रकरण कोर्टात आहे."

"बोलायचं नाही तर मी आले कशाला?"

"हजर राहणं हीसुद्धा भूमिकाच असते, फल्ला."

ती परत आली तेव्हा सारितने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली फाईल मिटली. आईने आणखी एक बी पुढे केली. फल्लाने ती घेतली, खाल्ली.

पुकारा झाला. नारिंगी कपड्यातल्या कुंथियाला आत आणलं. फल्ला दिसताच तिचा चेहरा उजळला. तिने बेड्या घातलेले हात कपाळापर्यंत नेऊन जोडले.

कारखान्याच्या कँटीनमध्ये फल्लानेच कामगारांचा वर्ग घेतला होता. "युनियन हा तुमचा हक्क आहे. कुणी त्रास दिला तर कंपनी तुमच्या पाठीशी उभी राहील." तेव्हा शेवटच्या रांगेतून हीच पोरगी उठून म्हणाली होती, "नक्की ना ताई? नाहीतर आम्ही पुढं आणि तुम्ही एसीत!" सगळ्याजणी खो-खो हसल्या होत्या. फल्लाही हसली होती. "अगं, नक्की," म्हणाली होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बुटांचे तळ चिकटवणारी पोरगी तू. हे हक्कबिक्क तुझ्या डोक्यात आले कुठून? कुणी शिकवलं? नाव सांग, आणि आईबरोबर घरी जा."

आईने फल्लाला कोपराने ढोसलं. "मॅडम, उठा ना. बोला."

फल्लाने समोरच्या बाकाची कड धरली. आता उठायचंच, असं तिने मनाशी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं.

कुंथिया तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत राग असता तर फल्लाला सोपं गेलं असतं. फल्लाने मान खाली घातली.

"कुणी नाही," कुंथिया म्हणाली. "माझं मीच ठरवलं."

"विचार करून सांग."

"केला, साहेब."

तिची रवानगी पुन्हा तुरुंगात झाली. पोलिस तिला बाकांमधल्या वाटेने बाहेर नेऊ लागले. आई रडत वाटेकडे झुकली, लेकीच्या बाहीला तिची बोटं लागली न लागली.

वाट अरुंद होती. कुंथियाला नीट जाता यावं म्हणून फल्लाने आपले पाय आत घेतले.