कुंडीतली पिशवी

पिशव्यांच्या कारखान्यात तिचं काम छपाईच्या मशीनवर. दिवसाला हजारो पिशव्या तिच्या हाताखालून जायच्या आणि प्रत्येकीवर हिरव्या शाईत एक ओळ उमटायची: 'सहा महिन्यांत मातीत मिसळते.' एकदा तिने सुपरवायझरला सहज विचारलं, "खरंच मिसळते का हो?"

"बाई, तुम्ही छपाई सरळ येते का तेवढं बघा," तो म्हणाला.

तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रोज हजारो वेळा आपण ही कसली ग्वाही देतोय? शेवटी एक पिशवी घरी आणून तिने ती गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत पुरली. पण पुरून स्वस्थ बसेल तर ना. दर दोन-चार दिवसांनी चमचा घेऊन उकरून बघायची, पुन्हा माती सारखी करायची.

सासूबाई वैतागल्या. "अगं, त्या गुलाबाला मूळ तरी धरू देशील का?"

सहा महिने भरले त्या दिवशी तिने अख्खी कुंडीच उपडी केली. सासूबाईंनी ढेकळातून पिशवी ओढून काढली, झटकली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"चांगली दणकट आहे गं. अजून दोन-चार घेऊन ये."

तिने ती त्यांच्या हातातून घेतली, उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली. कुठे साधं भोकसुद्धा नव्हतं.



मातीत मिसळली होती ती फक्त तिने छापलेली ओळ.