मे त्र्याहत्तरचं कार्पेट

डोरीनने आपल्या दुकानातल्या टेबलावर गाडीच्या कार्पेटचे दोन नमुने शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बोला, जज्जसाहेब. हिरवं घालायचं की हिरवं?"

रंग खरोखरच एक होता, गडद शेवाळी. फरक विणीत होता. पहिल्या कार्पेटचा दोरा आखूड वेटोळ्यांनी विणलेला होता, बोट फिरवलं की खरखरीत लागायचा. दुसऱ्यात तीच वेटोळी वरून कापून मऊ लव काढलेली होती.

ऑर्विल स्टँपरने कशालाच हात लावला नाही. शर्टाच्या खिशातून त्याने तळहाताएवढा एक तुकडा काढून टेबलाच्या कडेला ठेवला. शेवाळीच, पण जुनाट, ग्रीसचा वास येणारा. मऊ लवीचा.

"हा कुठे सापडला?"

"माझ्याच गाडीत. काल मागच्या सीटचा सांगाडा काढला, त्याच्याखाली चिकटलेला होता. उलटा करून बघ."

पाठीवर कारखान्याची कागदी चिठ्ठी होती. कडा उंदराने कुरतडलेल्या, पण शिक्का स्वच्छ होता. मे १९७३.

डोरीन बराच वेळ ती वाचत राहिली. एवढा वेळ वाचावं असं तिच्यावर काही नव्हतं.

"पण तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या पुस्तकात तर..."

"त्र्याहत्तर संपेपर्यंत वेटोळ्यांचं, चौऱ्याहत्तरपासून लवीचं. पान एकेचाळीस." ऑर्विलने चिठ्ठी आपल्याकडे ओढली. "मीच लिहिलंय ते पान."

जूनच्या प्रदर्शनात गाड्यांच्या आतल्या भागाचे गुण एकोणीस वर्षं तोच देत आला होता. यंदा पहिल्यांदा त्याची स्वतःची गाडी मैदानात उभी राहणार होती आणि त्याने शिकवलेली माणसं ती त्याच पुस्तकावरून तपासणार होती. प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. कार्पेट आजच कापायला घ्यायला हवं होतं. बाहेर ट्रेलरवर गाडी दारं उघडी टाकून उभी होती. आत नुसता पत्रा.

"मग अडलंय कुठे?" डोरीन म्हणाली. "लवीचं घालू. कोणी विचारलं तर चिठ्ठी दाखव. लोकांना तूच सांगत असतोस ना, आठवणी नकोत, कागद आणा म्हणून? हा घे कागद."

"आणि एल्डनला काय सांगू?"

डोरीनचा हात नमुन्यावरच थांबला.

एल्डन टेस्कीची गाडीही त्र्याहत्तरचीच, त्याच उन्हाळ्यातली. कोरी घेतलेली. चार वर्षांपूर्वी भर मैदानात तो घसा फोडून सांगत होता, "अरे, शोरूममधून हीच लव तुडवत घरी आलोय मी!" ऑर्विलने हसून मान हलवली होती आणि कार्पेटचे सगळे गुण कापले होते.

"मीच उचकटलं त्याच्या गाडीतलं कार्पेट," डोरीन म्हणाली. "तू आता उभा आहेस ना, तिथेच एल्डन उभा होता. टोपी हातात धरून."

"त्या जुन्या कार्पेटचं काय केलंस?"

"काय करणार? कचऱ्यात टाकलं. चुकीचं आहे असं तूच म्हणालास."

ऑर्विल खुर्चीच्या हातावर टेकला.

"फोन कर त्याला," ती म्हणाली. "घरीच असेल आत्ता. 'तुझं खरं होतं.' तीन शब्द आहेत, मेल्या. जीभ झडणार नाही."

"एकटा एल्डन असता तर केला असता."

"म्हणजे? किती जण आहेत?"

तो बोटांवर मोजू लागला. डावा हात संपला, उजवा संपला, तरी एक नाव उरलं.

"अकरा. त्या उन्हाळ्यातल्या अकरा गाड्या. अकरा जणांनी कारखान्यात बसवलेलं काढून टाकलं आणि माझ्या शब्दावर नवं घातलं. ते परत कुठून आणू, डोरीन? आता कुठेच नाही ते. उरला तो हा एवढाच तुकडा."

"आणि तू वेटोळ्यांचं घातलंस तर?"

"तर मला पहिलं बक्षीस देतील."

डोरीनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "सीट काढायला सांगितलं होतं कोणी तुला?"

"सगळं अस्सल करायचं होतं," ऑर्विल म्हणाला.

रस्त्यावरून धान्याचा एक ट्रक गेला, खिडकीची काच थोडी थरथरली. ऑर्विलने फोन काढला, उघडला, नावांच्या यादीत टेस्कीपर्यंत गेला. मग फोन बंद करून खिशात ठेवला. त्याचा हात टेबलावर आला आणि खरखरीत नमुन्यावर टेकला.

"हे घाल."

डोरीनने त्याच्याकडे पाहिलं. मापाची फीत ओढून घेतली, खडू उचलला. मग हनुवटीने जुन्या तुकड्याकडे खूण केली. "याचं काय करू?"

"नव्या कार्पेटखाली घाल. ड्रायव्हरच्या बाजूला."

"खुळा झालास का? फुगवटा येईल तिथे."

"दिसेल?"

"दिसणार नाही. मी बसवलेलं कधी दिसलंय का? पण गाडी चालवताना टाचेला लागत राहील. रोज."

"लागू दे."

ती खडू हातात धरून थांबली. "बरं. कुठल्या टाचेखाली, डाव्या की उजव्या?"

"उजव्या," ऑर्विल म्हणाला. "डावी अधूनमधून उचलता येते."