त्या दिवशीचे फोटो

मनोजने रंगूबाईला पहिल्या रांगेत बसवलं आणि पाण्याची बाटली स्वतः उघडून तिच्या हातात दिली.

भिवंडीतल्या त्या हॉलमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. लूमच्या कापूसधुळीत झोपलेले कामगार, गटाराकाठच्या झोपड्या, आणि मधोमध सगळ्यांत मोठी रंगूबाई. वडपे गावातल्या जळक्या गोदामासमोर फतकल मारून बसलेली, दोन्ही तळहात राखेने काळे. तिचा एकुलता एक मुलगा लडकू त्या गोदामात हमाली करायचा.

या फोटोने चार पेपरांत ओरड झाली. दडपलेली केस उभी राहिली, मालक तुरुंगात गेला. मनोजचं नाव झालं, पण तो तिला विसरला नाही. दर दिवाळीला लुगडं घेऊन वडप्याला यायचा. रंगूबाई शेजारणींना सांगायची, "एक लेक आगीनं नेला, तवा देवानं ह्यो दिला."

तिला एकच गोष्ट आतून खात असे. लडकू तडफडला असेल का? मनोजने तिचा हात धरून सांगितलं होतं, "मावशी, मी पोचलो तेव्हा आत सगळं शांत होतं. धुराने आधीच गुंगी आली असणार. त्याला काही कळलं नसेल."

तेवढ्या आधारावर तिला रात्री डोळा लागायचा.

भाषणं सुरू झाली. मनोज माईककडे गेला. प्रदर्शनाचं काम बघणारी नेत्रा रंगूबाईशेजारी येऊन टेकली.

"मावशी, घरी लावायला तुमचा फोटो मोठा करून देऊ?"

"माझा नको गो. लडकूचा असला तर दे. सगले त्याच्या मोबाइलात व्हते. त्यो त्याच्यासंगंच जलला."

"मनोजदादांना विचारलंत?"

"इचारलं. न्हाय म्हनला."

"त्यांना कुठलं आठवतंय. काढतात आणि विसरतात. सगळं माझ्याकडे जपून ठेवलंय. चला, बघू."

मागच्या खोलीत नेत्राने लॅपटॉप उघडला. "वडप्याचे फोटो अगदी पहिल्यापासून बघू. लडकू दिसला की सांगा."

बाहेर टाळ्या पडत होत्या.

पहिल्या फोटोत गोदाम होतं. पत्र्यांच्या फटींतून बारीक धूर. रस्ता मोकळा, ना बंब, ना गर्दी.

"इतक्या लवकर पोचले होते दादा?" नेत्रा स्वतःशीच म्हणाली आणि पुढे गेली.

गोदामाची मागची भिंत. खिडकीच्या लोखंडी जाळीमागे लडकू. जाळी दोन्ही हातांनी गच्च धरलेली, तोंड उघडं, डोळे थेट कॅमेऱ्यावर. खिडकीला लागून दार. त्याला बाहेरून कडी. नुसती कडी, कुलूप नाही.

नेत्राचं बोट थबकलं. "मावशी, राहू दे."

रंगूबाईने पदर तोंडाशी धरला. "पुढं कर."

पुढचा फोटो तोच, थोडा जवळून.

त्याच्या पुढचा आणखी जवळून. लडकूचा चेहरा नेमका मधोमध आला होता, आणि कडी फोटोच्या चौकटीबाहेर गेली होती.