थर्स्टनची नजर

व्हरमाँटमधल्या आमच्या गावच्या काँट्रा नाचात, म्हणजे समोरासमोर रांगा करून नाचायच्या लोकनाचात, सगळे समान असतात. कोणीही कोणाचा जोडीदार होतो. पुरुष-बाई हा भेद आम्ही कधीच काढून टाकला. स्वतःच्या बायकोचा नंबर लागेपर्यंत हे सगळ्यांना पटतं.

मी मंचावरून पावलं सांगते. मध्यंतरात एल्डन बाकावरून उठून तणतणत माझ्याकडे आला.

"तो दाढीवाला थर्स्टन माझ्या मेरिएटला गरगर फिरवताना थेट तिच्या डोळ्यांत बघत होता. आणि ही बया हसत होती!"

"तो सगळ्यांच्याच डोळ्यांत बघतो रे."

"म्हणजे चांगलाच मुरलेला आहे!"

"मग रांगेत ये आणि जवळून नजर ठेव."

तो आला. आमच्याकडे प्रत्येक जोडी रांगेतून पुढे सरकत जाते, त्यामुळे थर्स्टन त्याच्याही वाट्याला आलाच. त्याने एल्डनच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यालाही गरगर फिरवलं, तसंच डोळ्यांत बघून, तसंच हसून. एल्डनने बाणेदारपणे छताकडे बघितलं आणि थोड्याच वेळात तो डोनटच्या टेबलावर जाऊन आदळला.

मेरिएटने त्याच्या कोपरावरची साखर झटकली. "नवख्यांची शिकवणी चालली होती तेव्हा होतास कुठे?"

"बाहेर. थर्स्टनची गाडी आपल्याच गाडीशेजारी कशी लागली, ते बघत होतो."

शिकवणीत मी पहिली गोष्ट हीच सांगते, की गिरकी घेताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नाहीतर चक्कर येते.